अमेरिकेची यादवी (१८६१–६५): यंत्रं, शस्त्रक्रिया, कापूस आणि समेट यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन यादवीबद्दल कुठेही बोललं-लिहिलं की तेच प्रश्न फिरून फिरून येतात. पाय कापताना भूल देत होते का? मशिनगन तिथलीच ना? मुंबईच्या कापसाचा त्यात काय संबंध? आणि एवढं रक्त सांडल्यावर ही माणसं पुन्हा एका देशात नांदली कशी? लढायांचे डावपेच इथे सापडणार नाहीत. युद्धाने बाकीच्या जगण्याचं काय केलं, एवढ्यापुरतीच ही उत्तरं आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. एक विषय दुसऱ्याला भिडतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही यादवी नेमकी कोणाकोणात आणि कशावरून झाली?

दक्षिणेकडची ११ राज्यं अमेरिकन संघराज्यातून फुटली आणि त्यांनी 'कॉन्फेडरसी' नावाचा वेगळा देश जाहीर केला. १२ एप्रिल १८६१ रोजी चार्ल्सटन बंदरातल्या फोर्ट समटरवर त्यांनी तोफा डागल्या. ९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाऊस या गावी दक्षिणेच्या जनरल रॉबर्ट ली यांनी उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या, जनरल युलिसिस ग्रँट यांच्यापुढे शरणागती पत्करली. इतर दक्षिणी फौजा पुढच्या काही आठवड्यांत खाली बसल्या.

कारण गुलामी. १८६० च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी १४ लाख होती आणि त्यातले जवळजवळ ४० लाख लोक गुलाम होते. "भांडण राज्यांच्या हक्कांचं होतं," असं अजूनही ऐकू येतं. त्यावर विचारावं, कसला हक्क? मिसिसिपीने फुटताना काढलेल्या जाहीरनाम्यात आपली भूमिका गुलामीच्या प्रथेशी पूर्णपणे जोडलेली आहे, असं स्वच्छ लिहिलं आहे. गुंतागुंत एवढीच, की गुलामी कायदेशीर असलेली डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी ही चार राज्यं उत्तरेबरोबरच राहिली.

२. मृतांचे आकडे प्रत्येक पुस्तकात वेगळे का?

जुना, सर्वमान्य आकडा ६,२०,००० चा. अलीकडे जनगणनांची तुलना करून काढलेले अंदाज सात ते साडेसात लाखांपर्यंत जातात. दक्षिणेची बरीचशी कागदपत्रं युद्धाच्या शेवटी जळाली, त्यामुळे तिकडचा हिशेब पहिल्यापासूनच अंदाजपंचे होता.

यातले जवळपास दोनतृतीयांश सैनिक गोळीने नव्हे, तर आजाराने मेले: हगवण, विषमज्वर, गोवर, हिवताप. खेड्यातून आलेल्या पोरांना लहानपणी गोवर झालेला नसे आणि छावणीत हजारो जण एकत्र आले की तो वणव्यासारखा पसरे. गुलामीतून सुटून उत्तरेच्या छावण्यांच्या आसऱ्याला आलेले जे स्त्री-पुरुष आणि मुलं देवी नि उपासमारीने मेली, ती यांतल्या कोणत्याच आकड्यात नाहीत. त्यांची धड मोजदादच झाली नाही.

३. या युद्धात खूप नवे शोध लागले म्हणतात. खरं का?

थोडं खरं, बरंचसं फुगवलेलं. तारयंत्र, रेल्वे, छायाचित्रण, ईथरची भूल, टोकदार गोळी हे सगळं १८६१ च्या आधीचं. युद्धाने या गोष्टी लाखोंच्या प्रमाणावर वापरायला लावल्या आणि त्यासाठी कारकून, कोठारं, वेळापत्रकं, नोंदवह्या उभ्या केल्या. माझ्या मते या युद्धाचा खरा 'शोध' म्हणजे ही व्यवस्थाच, पण तिचा पुतळा करता येत नाही, म्हणून पाणबुडीची गोष्ट सांगितली जाते.

मशिनगनची अपेक्षा असेल तर निराशा होईल. रिचर्ड गॅटलिंग यांनी दांडा फिरवून चालणाऱ्या बहुनळी बंदुकीचं पेटंट १८६२ मध्ये घेतलं, पण लष्कराने ती रीतसर स्वीकारली १८६६ मध्ये, युद्ध संपल्यावर.

चिलखती जहाजंही आधी फ्रान्स आणि ब्रिटनने बांधली होती. मात्र दोन चिलखती जहाजांची पहिली झुंज इथलीच. ८ मार्च १८६२ रोजी हॅम्प्टन रोड्स इथे दक्षिणेच्या 'व्हर्जिनिया'ने उत्तरेच्या दोन लाकडी युद्धनौका संपवल्या. दुसऱ्या दिवशी जॉन एरिक्सन यांनी रचलेली, फिरत्या बुरुजाची 'मॉनिटर' समोर आली. काही तास दोघींचे गोळे एकमेकींच्या पत्र्यावरून घसरत राहिले आणि निकाल लागला नाही. पण लाकडी आरमारांचे दिवस भरले होते.

आता पाणबुडी. दक्षिणेची 'हनली' हाताने दांडा फिरवून चालायची. १७ फेब्रुवारी १८६४ रोजी तिने चार्ल्सटनबाहेर 'हाउसॅटॉनिक' हे जहाज बुडवलं. पाणबुडीने शत्रूची युद्धनौका बुडवल्याचा हा पहिला प्रसंग. ती स्वतःही परतली नाही. चाचण्यांतले दोन अपघात धरून एकूण २१ जण तिच्याच पोटात मेले, त्यांत जिच्या नावावरून ती ओळखली जाते ते होरेस हनलीही होते.

४. नुसत्या गोळीने एवढा काय फरक पडला?

मिनिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने १८४० च्या दशकाच्या अखेरीस एक टोकदार, बुडाशी पोकळ अशी शिशाची गोळी बनवली. बार उडाला की पोकळ बूड फुगून नळीतल्या आट्यांत घट्ट बसे आणि गोळी गिरकी घेत बाहेर पडे. त्यामुळे तोंडाकडून झटपट भरता येणारी बंदूकही दूरवर नेम धरू लागली. जुन्या गुळगुळीत नळीचा भरवसा शंभर यार्डांपुढे फारसा नसे. ही तीनशे यार्डांवर माणूस टिपू शके. प्रत्यक्षात एवढ्या अंतरावरून किती गोळीबार झाला, यावर इतिहासकारांत वाद आहे, कारण बहुतेक चकमकी जवळूनच झाल्या.

मऊ शिसं हाडावर आदळलं की चपटं होई आणि हाडाचा चुरा करी. पुढचं प्रश्न ८ मध्ये.

५. रेल्वे आणि तारेमुळे युद्ध कसं बदललं?

उत्तरेकडे सुमारे २२,००० मैल लोहमार्ग होते, दक्षिणेकडे ९,००० च्या आसपास, आणि तेही वेगवेगळ्या रुंदीचे. एका गावात गाडी रिकामी करायची, सामान खांद्यावरून शहरापलीकडच्या स्टेशनात न्यायचं आणि पुन्हा भरायचं, अशी गत. याउलट १८६३ च्या शरद ऋतूत उत्तरेने २० हजारांहून जास्त सैनिक, तोफा आणि घोड्यांसकट, व्हर्जिनियाहून चॅटनूगाच्या बाजूला सुमारे १,२०० मैल रेल्वेने हलवले. लागले जेमतेम दोन आठवडे.

हर्मन हाउप्ट या अभियंत्याच्या माणसांनी मे १८६२ मध्ये पोटोमॅक क्रीकवर सुमारे ४०० फूट लांबीचा पूल ओल्या, न तासलेल्या लाकडांनी उभा केला, तोही नऊ दिवसांत. अध्यक्ष लिंकन तो पाहून आल्यावर म्हणाले होते की त्यात वेलींच्या काठ्या आणि मक्याची धाटं यांपलीकडे काही नाही, आणि वरून भरलेल्या गाड्या धडधडत जातात. पूल बांधण्याइतकीच रूळ उखडण्याचीही कला वाढली. उत्तरेचे जनरल शर्मन यांचे शिपाई रूळ तापवून झाडाच्या खोडाभोवती पिळायचे, म्हणजे ते पुन्हा सरळ करून वापरता येऊ नयेत. या वेटोळ्यांना 'शर्मनचे नेकटाय' असं नाव पडलं.

तारेचा फायदा सगळ्यात जास्त ओळखला लिंकन यांनी. ते रोज चालत युद्धखात्याच्या तारघरात जात आणि बातमीची वाट पाहत तिथेच बसून राहत. रणांगणावरच्या सेनापतीला राजधानीतून उलटतपासणीला तोंड द्यावं लागण्याचा काळ इथून सुरू झाला. सेनापतींना ते आवडलं नाही हे सांगायला नको.

१८६२ च्या कायद्याने पॅसिफिक किनाऱ्यापर्यंतच्या रेल्वेला मंजुरी मिळाली, कारण कुठल्या मार्गाने न्यायची यावर वर्षानुवर्षं अडून बसलेले दक्षिणी खासदार आता सभागृहात नव्हते. काम १० मे १८६९ रोजी यूटामधल्या प्रोमोंटरी इथे पुरं झालं. दक्षिणेतले पाच फुटी मार्ग बाकी देशाशी जुळते करायला मात्र १८८६ साल उजाडलं. तेव्हा हजारो मैलांचा एक रूळ दोन दिवसांत सरकवण्यात आला. माणसांची मनं त्या मानाने सावकाश सरकली (प्रश्न १८).

६. युद्धाचे फोटो तेव्हा वर्तमानपत्रांत छापून येत होते का?

नाही. फोटो छापण्याचं तंत्रच नव्हतं. फोटोवरून लाकडावर कोरून चित्र छापत. पण अँटिटमच्या लढाईनंतर (१७ सप्टेंबर १८६२) अलेक्झांडर गार्डनर यांनी काढलेले मृतदेहांचे फोटो मॅथ्यू ब्रॅडी यांच्या न्यूयॉर्कमधल्या दालनात मांडले गेले आणि शहर हादरलं. कॅमेरा खोटं बोलत नाही असं मानणाऱ्यांसाठी एक टीप: गेटिसबर्गच्या लढाईनंतर एका मृत सैनिकाचं प्रेत उचलून, जास्त परिणामकारक दिसेल अशा जागी ठेवून फोटो काढला गेला होता.

७. भूल न देता, तोंडात गोळी चावायला देऊन पाय कापत, हे खरं का?

सर्वसाधारणपणे नाही. ईथरची भूल १८४६ पासून, क्लोरोफॉर्म १८४७ पासून माहीत होतं आणि दोन्ही बाजूंच्या शल्यविशारदांनी ते सर्रास वापरलं. एकट्या उत्तरेच्या नोंदींत भुलीचे ८० हजारांवर प्रसंग आहेत. रणभूमीवर क्लोरोफॉर्म जास्त चाले, कारण ते ईथरसारखं पेट घेत नाही आणि थोडक्यात काम होतं.

मग ही समजूत आली कुठून? भूल हलकी असे. अर्धवट शुद्धीतला माणूस विव्हळे, हातपाय झाडे, चार जण त्याला धरून ठेवत. लांबून बघणाऱ्याला वाटे, जिवंत माणूस कापतायत. कुठे पुरवठा संपला, तिथे भुलीविना शस्त्रक्रिया झाल्याही, पण ते अपवाद.

८. मग इतके हातपाय का कापले? डॉक्टर खाटीक होते का?

सुमारे ६०,००० अवयव कापले गेले असावेत असा अंदाज आहे. 'खाटीक' ही शिवी तेव्हाच्या वर्तमानपत्रांनीही दिली. पण त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. हाडाचा चुरा झालेला, जखमेत कापडाच्या चिंध्या आणि माती, दारात दोनशे जण रांगेत. तो पाय जोडत बसायला वेळ नाही, आणि ठेवला तर तो सडणार. पहिल्या २४ तासांत कापलेला माणूस वाचण्याची शक्यता उशिरा कापलेल्यापेक्षा स्पष्टपणे जास्त होती, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं.

कळलं नव्हतं ते जंतूंचं. जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत प्रसिद्ध केली १८६७ मध्ये, दोन वर्षं उशिरा. तोवर तीच सुरी, तोच स्पंज, रक्ताने कडक झालेला तोच ॲप्रन एका रोग्यावरून दुसऱ्यावर. जखमेतला पू हे बरं होण्याचं लक्षण मानत. तरीही काहींना वाट सापडली. लुईव्हिलमध्ये मिडल्टन गोल्डस्मिथ यांनी सडणाऱ्या जखमांवर ब्रोमीन लावून पाहिलं आणि मृत्यू झपाट्याने घटले. ते का घटले हे मात्र त्यांना सांगता आलं नसतं.

९. रुग्णवाहिका या युद्धातून आल्या का?

गाड्या आधीही होत्या. नव्हती ती शिस्त. सुरुवातीला जखमी उचलायचं काम बँडवाल्यांकडे आणि भाड्याच्या गाडीवानांकडे होतं. गोळीबार सुरू झाला की गाडीवान पळत आणि जखमींसाठीची दारू पीत. ऑगस्ट १८६२ मध्ये बुल रनच्या दुसऱ्या लढाईत जखमी कित्येक दिवस शेतात पडून राहिले.

त्याच महिन्यात जोनाथन लेटरमन या लष्करी डॉक्टरने उत्तरेच्या 'पोटोमॅक' नावाच्या सैन्यात स्वतंत्र रुग्णवाहिका पथक उभं केलं. गाड्या वैद्यकीय विभागाच्या ताब्यात, माणसं शिकवलेली, आणि उपचारांचे टप्पे ठरलेले: आघाडीलगत मलमपट्टीचं ठाणं, मागे शेतघरात शस्त्रक्रिया, त्यामागे मोठं इस्पितळ. कोणाला आधी हात लावायचा याची वर्गवारीही आली. पुढच्याच महिन्यात अँटिटमला एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,००० मृत, जखमी आणि बेपत्ता झाले, तरी उत्तरेचे बहुतेक जखमी दुसऱ्या दिवसापर्यंत उचलले गेले होते. मार्च १८६४ मध्ये ही पद्धत कायद्याने साऱ्या सैन्याला लागू झाली. आजची आपत्कालीन सेवा याच टप्प्यांवर चालते.

यालाच जोडून नोंदी. सर्जन जनरल विल्यम हॅमंड यांनी १८६२ मध्ये लष्करी वैद्यकीय संग्रहालय सुरू केलं आणि मोडलेली हाडं, काढलेल्या गोळ्या केसच्या माहितीसह पाठवायला सांगितलं. गेटिसबर्गला पाय गमावलेल्या जनरल डॅनियल सिकल्स यांनी आपलं हाड पेटीतून पाठवलं आणि पुढे दरवर्षी ते त्याच्या भेटीला जात. हे हाड आजही मेरीलँडमधल्या संग्रहालयात आहे.

१०. नाकेबंदीत औषधंही अडवली होती?

हो. क्विनीन, क्लोरोफॉर्म, अफू हे सगळं युद्धसाहित्यच मानलं गेलं. हिवतापाच्या प्रदेशात क्विनीन अडवणं म्हणजे गोळीबारच. दक्षिणेने झाडांच्या सालींचे काढे करून पाहिले, उपयोग बेताचाच झाला. बाकीचं चोरट्या वाटांनी आलं (प्रश्न १५).

११. वाचलेल्यांचं पुढे काय झालं? मनाच्या जखमांची दखल घेतली गेली का?

जेम्स हँगर हा दक्षिणेकडचा तरुण विद्यार्थी सैन्यात दाखल झाला आणि ३ जून १८६१ रोजी त्याचा पाय गेला. घरी आल्यावर त्याने पिंपाच्या लाकडी पट्ट्यांपासून गुडघ्यात वाकणारा पाय स्वतः घडवला. त्याने काढलेली कृत्रिम अवयवांची कंपनी अजून चालू आहे. उजवा हात गमावलेल्या उत्तरेच्या सैनिकांसाठी न्यूयॉर्कमधल्या एका संपादकाने डाव्या हाताच्या हस्ताक्षराची स्पर्धा घेतली, बक्षिसं लावून. कारकुनी करून पोट भरता येईल हे दाखवणं हा हेतू होता. ती पत्रं वाचली तर अक्षर वळणदार आणि मजकूर अंगावर येणारा.

फिलाडेल्फियात सायलस वेअर मिचेल यांनी मज्जातंतूंच्या जखमांसाठी वेगळं इस्पितळ चालवलं. नसलेल्या हाताची बोटं दुखतात, असं सांगणाऱ्या रोग्यांना त्यांनी वेडं ठरवलं नाही. १८७१ मध्ये त्यांनी या अनुभवाला 'भुताटकीचा अवयव' अशा अर्थाचं नाव दिलं, ते आजही वापरात आहे. धडधड, धाप, छातीत दुखणं, पण हृदयात दोष नाही, अशा सैनिकांचं वर्णन जेकब दा कोस्टा यांनी त्याच वर्षी केलं. त्याला 'सैनिकाचं हृदय' म्हणू लागले. मनावरचा घाव असू शकतो, इथवर मात्र त्या काळची वैद्यकी पोचली नव्हती.

१२. ब्रिटनला दक्षिणेचा कापूस हवा होता. मग त्याने दक्षिणेची बाजू का घेतली नाही?

दक्षिणेचा सगळा डाव यावरच होता. "कापूस हाच राजा" ही १८५८ मधल्या एका सिनेटरच्या भाषणातली घोषणा. ब्रिटनच्या गिरण्यांतला तीनचतुर्थांशाहून अधिक कापूस दक्षिणेचा होता, तेव्हा पुरवठा थांबवला की लंडन आपोआप हलेल, असा हिशेब. म्हणून उत्तरेच्या आरमाराकडे पुरेशी जहाजं नसतानाच दक्षिणेने माल स्वतः अडवून धरला. विकून तोफा घ्यायच्या त्या वर्षी कापूस गोदामात पडून राहिला. आपल्या पायावर धोंडा पाडून घेण्याचं याहून चांगलं उदाहरण शोधावं लागेल.

मागच्या भरघोस पिकांमुळे लिव्हरपूलला साठा होता, त्यामुळे चटका बसायला १८६२ उजाडलं. तो बसला तेव्हा जबर बसला. लँकेशायरमध्ये मदतीवर जगणाऱ्यांची संख्या त्या हिवाळ्यात पाच लाखांच्या घरात गेली. तोवर लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ पासून बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीची घोषणा लागू केली होती आणि गुलामांच्या मालकांसाठी युद्धात उतरणं कोणत्याही ब्रिटिश सरकारला अवघड झालं. मँचेस्टरच्या कामगारांनी ३१ डिसेंबर १८६२ रोजी सभा भरवून लिंकन यांना पाठिंब्याचं पत्र लिहिलं, लिंकन यांनी उत्तर दिलं. ही गोष्ट खरी आहे. पण सगळं लँकेशायर एका सुरात बोलत होतं असं समजू नका, दक्षिणेकडे कल असलेली गिरणी-गावंही होती.

१३. मुंबईच्या भरभराटीचा या युद्धाशी काय संबंध?

थेट संबंध. अमेरिकन कापूस आटल्यावर लिव्हरपूलचे दलाल हिंदुस्थान, इजिप्त आणि ब्राझीलकडे वळले. भाव काही पटींनी चढले आणि गुजरात, खानदेश, वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या कुलाब्याकडे धावू लागला. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला, पण वऱ्हाडच्या बाजूला रूळ पुरते पोचले नव्हते, म्हणून तिकडून तांडेच्या तांडे बैलगाड्या निघत. खामगाव-अमरावतीचे फाटे झाले ते १८७० च्या सुमारास, तेजी विझल्यावर.

हा कापूस आखूड धाग्याचा. लँकेशायरचे विणकर त्याला 'सुरत' म्हणत आणि शिव्या घालत. देवा, कापूस पाठव पण सुरतचा नको, अशी प्रार्थना तिथल्या एका चर्चमध्ये झाल्याची आख्यायिका आहे. वजन वाढवायला गाठींत सरकी, माती, पाणी घालण्याचे प्रकार इतके वाढले की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला.

आलेला पैसा ठेवायचा कुठे? मग बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, समुद्र भरून जमीन काढण्याच्या योजना निघाल्या. त्यांत बॅकबेची योजना सगळ्यात गाजलेली. प्रेमचंद रायचंद या दलालाच्या शब्दावर समभाग दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकले जात. मग एप्रिल १८६५ मध्ये ली शरण आल्याची बातमी पोचली. कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांचे व्यवहार चुकते करायचा दिवस होता, आणि त्या दिवशी मुंबईत कोणी कोणाचं देणं भागवू शकेना. बँक ऑफ बॉम्बेसुद्धा पुढे बुडाली. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद यांनी आधी देऊ केलेल्या देणगीतून उभा राहिला, त्याला नाव त्यांच्या आईचं. त्याखालून जाताना व्हर्जिनियातली शरणागती कोणाला आठवत असेल असं वाटत नाही.

इजिप्तची कथा अशीच, फक्त महाग. तेजीच्या भरवशावर काढलेली कर्जं फिटली नाहीत आणि १८८२ मध्ये ब्रिटिश फौजा आल्या.

१४. १८७५ चे दख्खनचे दंगे याच मंदीमुळे झाले का?

अंशतः. तेजीत सावकारांनी हात सैल सोडला होता. भाव पडल्यावर उधारी आखडली, जुन्या कर्जाची वसुली सुरू झाली. त्याच सुमाराला सरकारने शेतसाऱ्याच्या फेरआकारणीत सारा वाढवला, काही तालुक्यांत निम्म्याहून जास्त. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जखतं, वह्या जाळल्या. लोण नगर जिल्ह्यात गेलं. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला.

पण अमेरिकेत तोफ वाजली म्हणून सुप्यात वही जळाली, असं सरळ समीकरण मांडू नका. दंग्याचा पट्टा मुख्यतः कापसाचा नव्हता. कापसाच्या पैशाने पतपुरवठा सगळीकडेच फुगला होता आणि तो सगळीकडेच बसला, इतकंच म्हणता येतं.

१५. लढताना शत्रू एकमेकांशी व्यापार करत होते का?

करत होते, आणि दिवसाढवळ्या. मेम्फिस उत्तरेच्या हाती पडल्यावर तिथून मीठ, बूट, औषधं दक्षिणेत जात आणि कापूस वर येई. काही व्यवहारांना वॉशिंग्टनचे रीतसर परवाने होते, कारण उत्तरेच्या गिरण्याही उपाशी होत्या. सेनापती चिडत आणि त्यांचेच अधिकारी भागीदारी करत.

दुसरी वाट मेक्सिकोतून. टेक्सासचा कापूस रिओ ग्रांदे ओलांडून मातामोरोसला जाई आणि नदीमुखावरच्या बगदाद नावाच्या वाळूतल्या बंदरातून युरोपला. तटस्थ देशाच्या बंदराला नाकेबंदी लागू पडत नव्हती. तिसरी वाट बर्म्युडा आणि नासाऊहून रात्री सुटणाऱ्या, राखाडी रंगाच्या वेगवान बोटींची. त्या बंदुका आणत, पण नफा रेशमात आणि ब्रँडीत जास्त, म्हणून तेही भरून आणत. शेवटी रिचमंडमधल्या दक्षिणी सरकारला चैनीच्या मालावर बंदी घालावी लागली.

१६. ब्रिटनने बांधून दिलेल्या जहाजाची भरपाई अमेरिकेला मिळाली का?

मिळाली. ब्रिटनमधल्या बर्कनहेडला दक्षिणेसाठी बांधलेल्या 'अलाबामा'ने दोन वर्षांत उत्तरेची सुमारे ६५ जहाजं पकडली किंवा जाळली. विम्याचे दर इतके भडकले की अमेरिकन मालकांनी जहाजं परदेशी झेंड्याखाली नेली. युद्धानंतर काही अमेरिकन नेते भरपाई म्हणून कॅनडावर डोळा ठेवून होते. अखेर दोन्ही देशांनी वाद जिनिव्हात पाच लवादांपुढे नेला आणि सप्टेंबर १८७२ मध्ये ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलर द्यायला सांगितलं गेलं. ब्रिटनने ते दिले. १८६४ चा जखमी सैनिकांबद्दलचा जिनिव्हा करार झाला त्याच दालनात हा निवाडा झाला. दालनाला आजही 'अलाबामा'चं नाव आहे.

१७. ली यांना फासावर का दिलं नाही? कोणालाच शिक्षा झाली नाही का?

ग्रँट यांनी अटी मुद्दाम सौम्य ठेवल्या. पुन्हा शस्त्र उचलणार नाही असं वचन द्यायचं आणि घरी जायचं. वचन पाळलं, तर सरकार त्रास देणार नाही. अधिकाऱ्यांची कमरेची शस्त्रं त्यांच्याकडेच, आणि ज्यांचे घोडे-खेचरं स्वतःची त्यांनी ती पेरणीसाठी न्यावीत. उपाशी सैन्याला २५,००० जणांचा शिधा दिला गेला. त्याच सकाळी ली यांना एका अधिकाऱ्याने रानात पांगून गनिमी लढाई चालू ठेवायचं सुचवलं होतं. ली यांनी नकार दिला. माझ्या मते समेटाच्या बाजूने त्यांच्या खात्यावर जमा धरावी अशी ही एक गोष्ट. जूनमध्ये ली यांच्यावर देशद्रोहाचा खटला भरायची तयारी झाली, तेव्हा आपला शब्द मोडला तर राजीनामा देईन, असं ग्रँट यांनी लिंकन यांच्यानंतरचे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांना बजावलं.

अँडरसनव्हिल इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीत सुमारे १३,००० कैदी मेले. तिचा प्रमुख हेन्री वर्झ याला १० नोव्हेंबर १८६५ रोजी फाशी झाली. दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस दोन वर्षं कैदेत होते, पण त्यांच्यावर खटला कधीच चालला नाही. २५ डिसेंबर १८६८ ला सरसकट माफी आली. ली यांचं नागरिकत्व १९७५ मध्ये आणि डेव्हिस यांचं १९७८ मध्ये मरणोत्तर परत दिलं गेलं.

१८. म्हणजे समेट यशस्वी झाला म्हणायचं?

कोणाकोणातला समेट, हे आधी ठरवा. दोन्हीकडच्या गोऱ्या सैनिकांमधला म्हणत असाल, तर हो, आश्चर्य वाटावं इतका. १८८५ मध्ये ग्रँट यांच्या अंत्ययात्रेत खांदेकरी म्हणून दक्षिणेचे दोन सेनापती होते. त्यांतले जोसेफ जॉन्स्टन १८९१ मध्ये शर्मन यांच्या अंत्यविधीलाही गेले, थंडीत टोपी काढून उभे राहिले आणि महिन्याभरातच न्यूमोनियाने वारले. गेटिसबर्गच्या पन्नासाव्या वर्षी, १९१३ मध्ये, पन्नास हजारांवर म्हातारे सैनिक जमले आणि ज्या दगडी कुंपणाशी एकमेकांना मारलं होतं तिथेच त्यांनी हात मिळवले.

उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले होते. त्या कुंपणाशी त्यांच्यासाठी जागा नव्हती. कृष्णवर्णीय माणसं तिथे दिसली ती मुख्यतः तंबू ठोकताना आणि घोंगड्या वाटताना. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत वर्णानुसार टेबलं वेगळी केली जात होती.

वाट कुठे चुकली ते तारखांतून दिसतं. जानेवारी १८६५ मध्ये शर्मन यांच्या हुकमाने दक्षिण किनाऱ्यावरची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंतच्या तुकड्यांत मिळाली. शरद ऋतूपर्यंत अध्यक्ष जॉन्सन यांनी ती माफी मिळालेल्या जुन्या मालकांना परत केली. घटनादुरुस्त्यांनी गुलामी संपवली (१८६५), नागरिकत्व दिलं (१८६८), वर्णावरून मताधिकार नाकारता येणार नाही असं ठरवलं (१८७०). १८७० मध्ये मिसिसिपीतूनच हायरम रेव्हेल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. पण कू क्लक्स क्लानसारख्या गोऱ्या टोळ्यांनी कृष्णवर्णीय मतदारांना मारलं, आणि १८७७ मध्ये उत्तरेने अध्यक्षपदाच्या सौद्यात दक्षिणेतल्या उरल्यासुरल्या फौजांचं संरक्षण काढून घेतलं. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेतले वर्णानुसार वेगळे डबे कायदेशीर ठरवले. कागदावरचा मताधिकार प्रत्यक्षात यायला १९६५ चा कायदा लागला. दोन भाऊ एक झाले आणि तिसऱ्याच्या वाटणीचं घर त्यांनी आपसात वाटून घेतलं, असा तो समेट होता.

१९. दक्षिणेच्या कोणा सेनापतीने उघडपणे बाजू बदलली का?

जेम्स लाँगस्ट्रीट. ली यांचा उजवा हात. युद्धानंतर ते लिंकन यांच्या पक्षात गेले, जुने मित्र ग्रँट यांच्याकडून पद स्वीकारलं आणि १८७४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर कृष्णवर्णीय शिपायांसह गोऱ्या बंडखोरांविरुद्ध उभे राहिले. दक्षिणेने गेटिसबर्गच्या पराभवाचं खापर त्यांच्याच डोक्यावर फोडलं. ली यांची स्मारकं दक्षिणेत जागोजाग उभी राहिली. लाँगस्ट्रीट यांचा पुतळा गेटिसबर्गला बसला १९९८ मध्ये.

२०. या युद्धाची शेवटची पेन्शन कधी दिली गेली?

२०२० मध्ये. एका सैनिकाला उतारवयात, ऐंशी उलटल्यावर मुलगी झाली. अपंगत्वामुळे वडिलांच्या पश्चात तिला पेन्शन लागू होती. केंद्र सरकार महिन्याला ७३ डॉलर १३ सेंट देत होतं, २०२० मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत. आता यातली अडचण. केंद्राची ही पेन्शन उत्तरेच्या सैनिकांसाठी होती, दक्षिणेच्या नाही. हा गृहस्थ आधी दक्षिणेकडून भरती झाला होता. तिथून पळाला आणि मग उत्तरेच्या पलटणीत नाव नोंदवलं. पेन्शन मिळाली ती दुसऱ्या भरतीची.